आधारसामग्रीचा संदर्भनिर्देश आणि ग्रंथालयांचे कार्य

शास्त्रीय निबंधाचे जे रूप आज सर्वत्र रूढ आहे, त्यात निष्कर्षाला प्राधान्य असते. प्रश्न कोणता होता, पद्धती कोणती अवलंबिली, काय आढळले आणि त्यावरून काय सिद्ध होते, एवढे सांगून निबंध संपतो. ज्या सहस्रावधी मापनांवर तो निष्कर्ष उभा असतो, ती मापने निबंधात क्वचितच येतात. आली तरी एखाद्या आलेखाच्या वा कोष्टकाच्या रूपाने, संक्षेपाने येतात. वाचकाने निष्कर्ष स्वीकारावा, परंतु त्याचा पाया तपासून पाहण्याची सोय मात्र त्याला असू नये, अशी ही स्थिती आहे. शास्त्राचा सारा अधिकार पुराव्यावर अवलंबून असतो. तो पुरावाच संशोधकाच्या खणात, त्याच्या संगणकात किंवा त्याच्या निवृत्तीनंतर रद्दीत पडून राहणार असेल, तर निबंधांच्या संग्रहाला ज्ञानाचा संग्रह म्हणणे कठीण होईल.

गेल्या काही दशकांत या प्रश्नाकडे ग्रंथालयांचे लक्ष वळले आहे. आधारसामग्री, म्हणजे निरीक्षणे, मापने, गणनांची फलिते, नमुन्यांच्या नोंदी आदी सर्व मूळ द्रव्य, ग्रंथाप्रमाणेच प्रकाशित व्हावे, सूचीत नोंदले जावे आणि त्याचा निबंधात रीतसर निर्देश करता यावा, यासाठी एक व्यवस्था उभी राहिली आहे. तिचे स्वरूप काय, ती का आवश्यक झाली आणि तिच्या मर्यादा कोणत्या, हे पदव्युत्तर संशोधनाशी संबंध असलेल्या प्रत्येकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

१. कुलाब्याची नोंदवही

आधारसामग्री जपल्याने काय साधते, याचे एक उत्तम उदाहरण मुंबईतच घडलेले आहे. कुलाबा येथील वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापने तेथे १८४१ पासून होऊ लागली आणि १८४६ पासून त्यांना नियमितपणा आला. टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून पाहावयाचे आणि दर तासाला आकडा वहीत उतरवावयाचा, असे हे काम होते. चुंबकीय क्षेत्र क्षुब्ध असेल तेव्हा याहूनही कमी अंतराने वाचन घेतले जाई. रात्र असो वा पावसाळा असो, त्यात खंड पडू द्यावयाचा नाही, हा नियम होता.

१८५९ च्या सप्टेंबरच्या १ तारखेस इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन याने सूर्यबिंबावर एक अत्यंत तेजस्वी उद्रेक पाहिला. त्यानंतर सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर एक प्रचंड चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रांचे काम बिघडले आणि ध्रुवीय प्रकाश नेहमीपेक्षा कितीतरी खालच्या अक्षांशांवर दिसला. इंग्लंडमधील ज्या वेधशाळांत छायाचित्रण पद्धतीने स्वयंचलित नोंद होत असे, तेथे रेषा कागदाच्या मर्यादेबाहेर गेली. कुलाब्यास मात्र निरीक्षक डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होते. त्यामुळे विषुववृत्तापासून फार दूर नसलेल्या या ठिकाणची त्या वादळाची संख्यात्मक नोंद टिकून राहिली.

हे आकडे पुढे वार्षिक अहवालांत छापले गेले. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या निरीक्षणांचे संकलन व विवेचन करणारा द्विखंडात्मक ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध केला. दरम्यान मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे निश्चित झाल्यावर, त्यांच्या प्रवाहाने मापने दूषित होऊ नयेत म्हणून अलिबाग येथे १९०४ मध्ये नवी चुंबकीय वेधशाळा सुरू करण्यात आली. दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी निरीक्षणे घेऊन जुन्या व नव्या मालिकेचा सांधा जुळवण्यात आला आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याची मापने थांबली. सामग्रीची सलगता राखणे म्हणजे काय, याचा हा वस्तुपाठच होय.

या दूरदृष्टीचे फळ जवळजवळ दीड शतकानंतर मिळाले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना व शोभना अलेक्स यांनी २००३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात कुलाब्याच्या जुन्या नोंदींवरून १८५९ च्या वादळाची तीव्रता ठरविण्याचा प्रयत्न होता. क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक त्या दिवशी सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचे त्यांनी दाखविले. १९८९ च्या मार्चमध्ये ज्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताचा वीजपुरवठा सुमारे नऊ तास बंद पडला आणि साठ लाख लोक अंधारात राहिले, त्याची तीव्रता संबंधित जागतिक निर्देशांकाने ५८९ नॅनोटेस्ला एवढी मोजली गेली होती. एका ठिकाणचे मापन आणि अनेक केंद्रांवरून काढलेला निर्देशांक यांची तुलना सरळ करता येत नाही हे खरे. तथापि सौर वादळांपासून वीजवाहिन्या व उपग्रह यांना किती धोका संभवतो याचा विचार करताना कुलाब्याची ती नोंद आज जगभर आधारभूत मानली जाते. पुढे २०२२ मध्ये हिसाशी हयाकावा व त्यांचे सहकारी यांनी कुलाब्याच्याच प्रकाशित नोंदींकडे परत जाऊन त्या दिवसांतील तिन्ही चुंबकीय घटकांचे पुन्हा परिशीलन केले. निष्कर्षाबद्दल मतभेद होऊ शकला, कारण मूळ आकडे दोन्ही पक्षांपुढे होते.

ही सामग्री कशामुळे टिकली याचा विचार केला पाहिजे. ती छापली गेली होती; छापली गेल्यामुळे ती अनेक ग्रंथालयांत पोहोचली; ग्रंथालयांत तिला सूचीपत्र मिळाले; आणि सूचीपत्रामुळे तिचा नेमका निर्देश करणे शक्य झाले. सामग्रीच्या संरक्षणाचे कोणतेही स्वतंत्र धोरण त्या काळी नव्हते. ग्रंथांच्या संरक्षणाची जी व्यवस्था होती तिच्याच आश्रयाने आकडे वाचले.

२. सामग्री ग्रंथातून बाहेर पडली

विसाव्या शतकात हा आश्रय सुटला. मापनयंत्रे स्वयंचलित झाली, मापनांची संख्या वाढली, आणि ती सगळी छापणे अशक्य झाले. नियतकालिकांनी पृष्ठसंख्येच्या काटकसरीसाठी कोष्टके गाळण्यास सुरुवात केली. पुढे संगणक आल्यावर सामग्री चुंबकीय फितींवर, चकत्यांवर आणि शेवटी संशोधकांच्या व्यक्तिगत संगणकांत गेली. कागदावरील आकडा शंभर वर्षांनी साध्या डोळ्यांनी वाचता येतो. फितीवरील आकडा वाचण्यास फीत हवी, ती फिरविणारे यंत्र हवे, लेखनपद्धतीचा तपशील हवा आणि स्तंभांचा अर्थ सांगणारे टिपण हवे. यांपैकी एक जरी दुवा निखळला तरी उरलेले तीन व्यर्थ ठरतात.

या हानीचे मोजमाप करण्याचा प्रयत्न टिमथी व्हाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. त्यांचा निबंध ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकाच्या २०१४ च्या खंडात आहे. वनस्पती व प्राणी यांच्या शरीररचनेच्या मापनांवर आधारलेले, २ ते २२ वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेले ५१६ निबंध त्यांनी निवडले आणि त्यांच्या कर्त्यांकडे मूळ सामग्री मागितली. सामग्री शिल्लक असण्याचा संभव आणि नसण्याचा संभव यांचे गुणोत्तर निबंधाच्या वयातील प्रत्येक वर्षागणिक १७ टक्क्यांनी घटते, असे त्यांना आढळले. या गतीने दहा वर्षांत ते गुणोत्तर मूळच्या सहाव्या भागाहूनही खाली येते. कर्त्याचा चालू ईमेल पत्ता सापडण्याच्या शक्यतेतही, याच रीतीने मोजता, दर वर्षी ७ टक्क्यांनी घट होत होती. ‘सामग्री कर्त्याकडे मागितल्यास मिळेल’ या निबंधाच्या तळटीपेतील आश्वासनाचे मोल यावरून कळते. ते देणारे संशोधक अप्रामाणिक होते असे नव्हे. जी जबाबदारी संस्थेने उचलावयाची ती व्यक्तीवर सोपविली गेली, हा खरा दोष होय.

सामग्रीसाठी संस्थात्मक व्यवस्था हवी, ही जाणीव काही शास्त्रांत लवकर झाली होती. १९५७ च्या जुलैपासून १९५८ च्या अखेरपर्यंत पाळण्यात आलेल्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने जागतिक सामग्रीकेंद्रांची योजना झाली. एक केंद्र अमेरिकेत, दुसरे सोव्हिएट संघात आणि तिसरी शाखा पश्चिम युरोप, जपान आदी देशांत विभागलेली, अशी ती रचना होती. एका ठिकाणी आपत्ती ओढवली तरी दुसरीकडे प्रत राहावी, हा तिच्यामागील हेतू होता. भूचुंबकत्वाचे असे एक केंद्र भारतीय भूचुंबकत्व संस्थेने मुंबईत चालविले. २००८ मध्ये या जुन्या केंद्रांच्या जागी ‘वर्ल्ड डेटा सिस्टिम’ ही नवी रचना आणण्याचा निर्णय झाला.

परंतु या केंद्रांनीही प्रश्न अर्धाच सुटला. सामग्री सुरक्षित राहिली, पण निबंधातून तिचा निर्देश कसा करावा हे ठरले नव्हते. एखादा लेखक केंद्राचे आभार मानी, दुसरा आंतरजालावरील पत्ता देई, तिसरा काहीच न सांगता आकडे वापरी. आभारप्रदर्शनाच्या परिच्छेदातील उल्लेख कोणत्याही संदर्भसूचीत येत नाही आणि आंतरजालावरील पत्ता संगणकाची जागा बदलताच निकामी होतो. ज्याने वर्षानुवर्षे मापने घेतली त्याला त्या श्रमाचे श्रेय मिळण्याचा मार्ग नव्हता आणि वाचकाला त्या सामग्रीपर्यंत जाण्याचाही नव्हता.

३. हानोव्हर येथील प्रयोग

या कोंडीतून मार्ग काढण्याचे श्रेय मुख्यतः जर्मनीतील एका ग्रंथालयाकडे जाते. हानोव्हर येथील तांत्रिक माहिती-ग्रंथालय १९५९ मध्ये स्थापन झाले. जर्मन संशोधन परिषदेच्या साहाय्याने २००३ मध्ये एक प्रकल्प सुरू झाला. त्यात हँबुर्ग येथील हवामानाचे जागतिक सामग्रीकेंद्र, पोट्सडाम येथील भूविज्ञान संशोधनकेंद्र, ब्रेमेन व ब्रेमरहाफेन येथील सागरी विज्ञानाचे ‘पॅनजिया’ हे भांडार आणि हानोव्हरचे ग्रंथालय हे सहभागी होते. शास्त्रज्ञांनी सामग्री जपावी आणि ग्रंथालयाने तिची नोंद करून तिला स्थायी क्रमांक द्यावा, अशी ही श्रमविभागणी होती. २००५ मध्ये हे ग्रंथालय संशोधनसामग्रीसाठी असे क्रमांक नोंदविणारी जगातील पहिली अधिकृत संस्था ठरले.

यासाठी जी क्रमांकपद्धती निवडण्यात आली ती ‘डिजिटल ऑब्जेक्ट आयडेंटिफायर’, संक्षेपाने डीओआय, या नावाने प्रसिद्ध आहे. नियतकालिकांतील निबंधांसाठी ‘क्रॉसरेफ’ ही संस्था २००० पासून ती वापरीत होती. २०१२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचाही दर्जा मिळाला. या क्रमांकाचे दोन भाग असतात. तिरप्या रेषेच्या आधीचा भाग ‘१०’ या अंकाने सुरू होतो आणि नोंद करणाऱ्या संस्थेची ओळख देतो. रेषेनंतरचा भाग त्या विशिष्ट वस्तूची. उदाहरणार्थ ‘पॅनजिया’च्या सामग्रीचे क्रमांक ‘१०.१५९४’ या पूर्वांगाने सुरू होतात.

क्रमांकाचे मर्म असे की, वस्तू कोठे ठेवली आहे याच्याशी तो बांधलेला नसतो. क्रमांक आणि सध्याचा पत्ता यांची जोडी एका मध्यवर्ती नोंदवहीत असते. वाचक क्रमांक देतो, नोंदवही त्याला सध्याच्या पत्त्यावर पाठविते. सामग्री एका संगणकातून दुसऱ्यात गेली, संस्थेचे नाव बदलले किंवा एक भांडार दुसऱ्यात विलीन झाले, तर नोंदवहीतील पत्ता तेवढा दुरुस्त करावयाचा. निबंधात छापलेला क्रमांक तोच राहतो. ग्रंथालयातील जाणकारांस यात नवल वाटणार नाही. ग्रंथाचा दाखलांक तोच राहतो, मग ग्रंथ दुसऱ्या कपाटात हलविला तरी चालते. वाचकाला सूचीतून नवे ठिकाण कळते. तेच तत्त्व येथे जगाच्या पातळीवर लागू केले आहे.

मात्र हे यंत्र आपोआप चालत नाही. पत्ता बदलल्यावर नोंदवही दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते. क्रमांकाचे स्थायित्व अंकांमध्ये नसून तो देणाऱ्या संस्थेच्या वचनात असते. म्हणूनच हे काम दीर्घायुषी संस्थांकडे जाणे इष्ट होते. संशोधनप्रकल्प तीन किंवा पाच वर्षांत संपतो. प्रयोगशाळेचा प्रमुख बदलतो, व्यापारी संस्था बुडते. पन्नास वर्षांपूर्वीची वस्तू मागणाऱ्याला ती काढून देण्याची सवय ज्यांना आहे, अशा संस्था समाजात थोड्याच आहेत आणि ग्रंथालय ही त्यांतील एक होय.

हानोव्हरचा प्रयोग यशस्वी झाल्यावर तो एका देशापुरता ठेवणे युक्त नव्हते. १ डिसेंबर २००९ रोजी लंडन येथे ‘डेटासाइट’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. ब्रिटिश लायब्ररी, झुरिक येथील तंत्रविद्यापीठाचे ग्रंथालय, डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाचे ग्रंथालय, कॅलिफोर्निया डिजिटल लायब्ररी आदी संस्था तिच्या आरंभीच्या सदस्य होत्या. आज संशोधनसामग्रीला डीओआय देणारी ही प्रमुख संस्था आहे.

४. नोंदीचे स्वरूप

डेटासाइटच्या नोंदीत काही बाबी अनिवार्य आहेत: क्रमांक, कर्त्याचे वा कर्त्यांचे नाव, शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनवर्ष आणि वस्तूचा प्रकार. प्रकाशक म्हणून येथे सामान्यतः सामग्रीकेंद्राचे नाव येते. निबंधाच्या संदर्भसूचीत निर्देश करावयाचा तो याच क्रमाने: कर्ता, कंसात वर्ष, शीर्षक, आवृत्ती असल्यास ती, प्रकाशक, प्रकार आणि शेवटी क्रमांक. ग्रंथाच्या निर्देशाशी याचे साम्य उघड आहे आणि ते हेतुपूर्वक राखले आहे.

एका आरंभीच्या नोंदीवरून हे स्पष्ट होईल. जर्मनीत पृथ्वीच्या कवचाचा अभ्यास करण्यासाठी एक अतिखोल वेधनछिद्र घेण्यात आले. १९९४ मध्ये ते ९१०१ मीटर खोलीपर्यंत पोहोचले. वेधन चालू असताना बाहेर येणाऱ्या वायूंचे पृथक्करण जागेवरच्या प्रयोगशाळेत केले जात होते. त्या मापनांचा संच पोट्सडामच्या केंद्राने २००४ या प्रकाशनवर्षाने नोंदविला. त्याच्या निर्देशात तीन कर्त्यांची नावे आहेत, शीर्षक आहे, केंद्राचे नाव आहे, क्रमांक आहे. हे वेधन पुन्हा होणार नाही. त्या खडकातून त्या दिवशी निघालेला वायू पुन्हा मोजता येणार नाही. ज्यांनी तो मोजला ते आता त्या मापनाचे कर्ते म्हणून, एखाद्या ग्रंथाच्या कर्त्याप्रमाणे, उल्लेखिले जातात.

अनिवार्य बाबींखेरीज पुष्कळ ऐच्छिक बाबी नोंदविता येतात आणि व्यवहारात उपयोग त्यांचाच अधिक होतो. विषय, मापनाचे स्थळ व काळ, वापराच्या अटी, आणि विशेषतः इतर वस्तूंशी असलेला संबंध. ही सामग्री अमुक निबंधाची पूर्ती करते, ही अमुक संचाची सुधारित आवृत्ती आहे, ही अमुक मोठ्या संचाचा भाग आहे, असे संबंध नोंदीत दाखविता येतात. त्यामुळे निबंधावरून सामग्रीकडे आणि सामग्रीवरून निबंधाकडे असा दुहेरी प्रवास शक्य होतो.

कर्त्याच्या नावाचा प्रश्न भारतीय संशोधकांना विशेष जिव्हाळ्याचा आहे. पाटील, जोशी, कुलकर्णी, शिंदे ही आडनावे धारण करणारे आणि आद्याक्षरही एकच असणारे संशोधक एकाच विद्यापीठात अनेक सापडतात. त्यातच रोमन लिपीत एकाच नावाची दोनतीन रूपे रूढ असतात आणि विवाहानंतर अनेक स्त्रियांची नावे बदलतात. कोणते काम कोणाचे हे अशा वेळी सूचीकारासही ठरविता येत नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘ऑर्किड’ या व्यवस्थेत संशोधकाला स्वतःचा क्रमांक मिळतो. सामग्रीच्या नोंदीत तो घातला असता हा घोटाळा टळतो.

५. काही अवघड प्रश्न

ग्रंथ छापला की तो स्थिर होतो. सामग्रीचे तसे नाही. येथून पुढे काही प्रश्न असे उद्भवतात की ज्यांची उत्तरे ग्रंथालयाच्या जुन्या परंपरेत सापडत नाहीत.

पहिला प्रश्न एककाचा. क्रमांक कशाला द्यावयाचा? एका समुद्रसफरीतील सर्व मापनांना मिळून एक, की प्रत्येक ठिकाणच्या मापनाला वेगळा? फार मोठे एकक घेतले तर निर्देश संदिग्ध होतो. फार लहान घेतले तर संदर्भसूची निबंधाहून लांब होते. ज्या रूपात सामग्रीचा एकत्र उपयोग व निर्देश होण्याचा संभव अधिक, ते एकक धरावे, असा व्यवहारी मार्ग बहुतेक केंद्रे स्वीकारतात.

दुसरा प्रश्न बदलाचा. एखाद्या संचात चूक आढळली व ती दुरुस्त केली, तर जुन्या संचावर आधारलेल्या निबंधाचे काय? यास्तव महत्त्वाचा बदल झाल्यास नवी आवृत्ती मानून नवा क्रमांक द्यावा आणि जुना संचही उपलब्ध ठेवावा, असा संकेत आहे. वेधशाळेच्या चालू मापनांप्रमाणे सामग्री रोज वाढत असेल, तर रोज नवा क्रमांक देणे शक्य नाही. अशा सामग्रीसाठी ‘रिसर्च डेटा अलायन्स’ या संघटनेच्या एका गटाने २०१५ मध्ये शिफारशी मांडल्या. प्रत्येक बदलाची वेळ नोंदवावी आणि संशोधकाने कोणत्या क्षणी कोणती निवड करून आकडे काढले ते प्रश्नरूपाने जतन करावे, म्हणजे तोच प्रश्न पुन्हा विचारून तेच आकडे मिळतील, असे त्यांचे सार आहे.

तिसरा प्रश्न नाशाचा. काही सामग्री मागे घ्यावी लागते किंवा कारणपरत्वे नष्ट होते. अशा वेळीही क्रमांक मोकळा सोडावयाचा नसतो. येथे अमुक सामग्री होती, ती अमुक कारणाने काढून घेण्यात आली, असे सांगणारे पृष्ठ त्या पत्त्यावर राहिले पाहिजे. म्हणूनच क्रमांक वाचकाला थेट सामग्रीच्या संचिकेकडे न नेता तिची माहिती देणाऱ्या पृष्ठाकडे नेतो.

चौथा प्रश्न अधिकाराचा. सुलभता म्हणजे सरसकट खुलेपणा, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. रुग्णांची माहिती, व्यक्तींच्या मुलाखती, दुर्मिळ वनस्पतींची नेमकी ठिकाणे, ही सर्वांपुढे मांडणे अनुचित ठरेल. अशा सामग्रीची नोंद खुली असू शकते आणि प्रवेश मात्र अटींनी मर्यादित असू शकतो. ती अस्तित्वात आहे, कोणाकडे आहे आणि कोणत्या अटींवर मिळते, एवढे तरी कळावे, ही अपेक्षा आहे. २०१६ मध्ये मांडलेली आणि ‘फेअर’ या संक्षेपाने ओळखली जाणारी तत्त्वेही हेच सांगतात: सामग्री सापडावी, निश्चित रीतीने मिळविता यावी, इतर सामग्रीशी जुळावी आणि पुन्हा वापरता यावी. सर्व सामग्री विनाअट खुली असावी असा आग्रह त्यांत नाही.

पाचवा प्रश्न संशोधकाच्या मनातील आहे आणि तो सर्वांत कठीण आहे. ज्याने चार वर्षे शेतात, खाणीत किंवा प्रयोगशाळेत घालवून मापने मिळविली, त्याला ती प्रसिद्ध करताना आपल्या आधी दुसराच त्यांचा फायदा घेईल अशी भीती वाटते. ती निराधार नाही. तिच्यावर दोन उपाय आहेत. एक, काही काळ प्रवेश रोखून ठेवण्याची मुभा. बहुतेक भांडारे ती देतात. दुसरा, सामग्रीच्या निर्देशाला निबंधाच्या निर्देशाइतकी प्रतिष्ठा. २०१४ मध्ये ‘फोर्स इलेव्हन’ या मंडळाने आधारसामग्रीच्या निर्देशाची आठ तत्त्वे जाहीर केली. सामग्री हे संशोधनाचे विधिवत फलित मानावे आणि तिच्या निर्देशाला निबंधाच्या निर्देशाइतकेच महत्त्व द्यावे, हे त्यांतील पहिले आहे. पहिला उपाय भांडारांच्या हातचा आहे. दुसरा मात्र नेमणुका व बढत्या ठरविणाऱ्या समित्यांच्या हातचा आहे आणि तेथे प्रगती मंद आहे. आजही अनेक निबंधांत सामग्रीचा उल्लेख मजकुराच्या ओघात येतो, संदर्भसूचीत येत नाही. आणि सूचीत जे येत नाही ते मोजले जात नाही.

६. विद्यापीठीय ग्रंथालयापुढील काम

भारतात याची काही पूर्वतयारी झालेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनी पीएच.डी.चे प्रबंध संगणकीय रूपात सादर करण्यास चालना दिली आणि गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राने चालविलेल्या ‘शोधगंगा’ या भांडारात ते सर्वांना वाचावयास मिळू लागले. शासकीय सामग्री खुली करण्याविषयीचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये जाहीर झाले. परंतु प्रबंध उपलब्ध होणे ही एक गोष्ट आणि प्रबंधामागील सामग्री उपलब्ध होणे ही दुसरी. प्रबंधाच्या परिशिष्टात चारदोन कोष्टके येतात. उरलेले सारे विद्यार्थ्याच्या संगणकात राहते आणि पदवी मिळाल्यावर त्याच्याबरोबर जाते.

येथे विभागीय ग्रंथालयाला करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. संशोधनाच्या आरंभीच विद्यार्थ्याकडून सामग्रीचे टिपण लिहून घ्यावे: काय मोजले जाणार, कोणत्या एककात, कोणत्या यंत्राने, संचिकांना नावे कशी देणार. हे टिपण शेवटी लिहावयास घेतले तर निम्मे तपशील आठवत नाहीत. सामग्री एखाद्या विशिष्ट कार्यक्रमणालीवाचून उघडणार नाही अशा रूपात न ठेवता साध्या मजकुराच्या कोष्टकात ठेवावी. प्रती किमान दोन आणि त्या वेगवेगळ्या ठिकाणी असाव्यात. विषयाचे मान्यताप्राप्त भांडार असेल तर सामग्री तेथे द्यावी. ते शोधण्यासाठी ‘रीथ्रीडेटा’ ही जागतिक निर्देशिका उपलब्ध आहे. तसे भांडार नसेल तर युरोपातील ‘सर्न’ने २०१३ पासून चालविलेल्या ‘झेनोडो’सारख्या सर्वसाधारण भांडारात ती ठेवता येते आणि तेथे तिला विनामूल्य डीओआय मिळतो. शेवटी, ग्रंथालयाच्या सूचीत प्रबंधाच्या नोंदीबरोबर त्याच्या सामग्रीचीही नोंद करावी. दुसऱ्याची सामग्री वापरणाऱ्या विद्यार्थ्याला ती संदर्भसूचीत नोंदविण्याची सवय मार्गदर्शकाने लावावी, हे ओघानेच आले.

यात श्रम आहेत, ते कोणी करावयाचे असा प्रश्न येईल. ग्रंथपालाला प्रत्येक विषयाचे ज्ञान नसते आणि संशोधकाला सूचीकरणाचे. हानोव्हरच्या प्रयोगाने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे: सामग्रीच्या गुणवत्तेचा निर्णय शास्त्रज्ञाचा आणि तिच्या ओळखीची व नोंदीची जबाबदारी ग्रंथालयाची. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वाचकाच्या उपयोगासाठी आहेत, हे तत्त्व शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाया म्हणून मांडले. ते ग्रंथाइतकेच सामग्रीलाही लागू आहे, फरक एवढाच की सामग्रीचा वाचक बहुधा अजून जन्मलेला नसतो.

१८५९ च्या त्या सप्टेंबरात कुलाब्यास चुंबकासमोर बसलेल्या निरीक्षकांना वीजवाहिन्यांचे जाळे किंवा कृत्रिम उपग्रह यांची कल्पना असणे शक्य नव्हते. आपल्या आकड्यांचा उपयोग कोणाला व कशासाठी होईल हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी आकडे लिहिले, वेळ लिहिली, यंत्र कोणते ते लिहिले; पुढच्यांनी ते छापले व जपले. १४४ वर्षांनंतर जेव्हा ते मागितले गेले तेव्हा ते मिळाले. आज एखाद्या विद्यापीठात घेतलेले मापन तितक्याच वर्षांनंतर कोणी मागितले तर मिळेल काय, हा प्रश्न प्रत्येक विभागाने स्वतःस विचारावयाचा आहे, आणि त्याचे उत्तर मापन घेतले त्याच वर्षी लिहिल्या जाणाऱ्या चार ओळींच्या नोंदीवर अवलंबून आहे.